काळ्या पाण्याचा ट्रॅकिंग नंबर

टास्मानियातल्या होबार्टमध्ये राहणाऱ्या एखाद्या मुलीला आपल्या कैदी पूर्वजाबद्दल कुतूहल वाटलं, तर ती काय करते? फोन काढते, तिथल्या सरकारी ग्रंथालयाच्या वेबसाइटवर नावांच्या सूचीत नाव टाकते. तो कोणत्या जहाजाने आला, कधी आला, काय गुन्हा केला होता, उंची किती, डोळ्यांचा रंग कोणता, हातावर काय गोंदलं होतं, इथे आल्यावर किती वेळा दारू पिऊन सापडला, सगळं समोर येतं. मूळ वहीच्या पानाचा फोटोसुद्धा दिसतो. फुकट. मग तो पूर्वज लंडनच्या गल्लीत रुमाल चोरताना सापडलेला भुरटा चोर का असेना.

त्याच साम्राज्याने, त्याच शतकात, हद्दपारीचीच शिक्षा देऊन माझ्या एका पूर्वजाला बोटीत घातलं. मी भिवंडीत राहतो. माझ्याही हातात फोन आहे. पण मला त्याच्या डोळ्यांचा रंग सोडा, तो कोणत्या बंदराला उतरला हेही कळत नाही.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं : "एवढे जुने कागद आता कुठे राहिलेत? गहाळ झाले असतील." सरकारी कर्मचारी हेच म्हणतो, गावातले शिकलेले लोकही हेच म्हणतात, आणि आपण मान डोलावतो. माझं म्हणणं असं आहे की हे उत्तर आळशी आहे आणि सोयीचं आहे. माणूस कागदावर सापडत नाही, यामागे कुणाचा तरी निर्णय असतो. तो आधी इंग्रजांचा होता. आज तो आपला आहे.

घरात काय सांगतात

आमचं मूळ गाव भिवंडी तालुक्यात, पडघ्याच्या पलीकडे. माझ्या खापरपणजोबांचे आजोबा, त्यांची ही गोष्ट. सावकाराच्या घरावर दरोडा पडला, कर्जाची खतं जाळली गेली, आठ-दहा जण धरले गेले, त्यात तेही होते. ठाण्याच्या तुरुंगात नेलं. बायको लहान मुलाला कडेवर घेऊन चालत निघाली, कशेळीला होडीने खाडी ओलांडली आणि ठाण्याला पोचली. भेट झाली नाही. पुढचं माझी आजी एका वाक्यात संपवायची : "त्याला काल्या पान्याव नेला, तो काय परत आला नाय."

आजी अजून एक गोष्ट न चुकता सांगायची : हे सगळं कल्याणला आगगाडी यायच्या आधीचं.

एवढंच. नाव माहीत आहे, बापाचं नाव माहीत आहे, गाव माहीत आहे. शिक्षेची तारीख नाही, जहाज नाही, बंदर नाही, मृत्यू नाही. मृत्यूची तिथीच माहीत नसल्यामुळे आमच्या घरी त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सगळ्यांची ती सोय. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं एक माणूस 'इतर' या खात्यात पडून आहे.

काळं पाणी म्हणजे अंदमान, हे डोक्यातून काढा

'काळं पाणी' म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल दिसतं. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर स्वातंत्र्यदिनाला सेल्युलर जेलचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'आपल्या पूर्वजांना वंदन'. भावना चांगली आहे, हिशेब चुकीचा आहे.

कल्याणला रेल्वे १८५४ साली आली. अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली ती मार्च १८५८मध्ये, सत्तावनच्या उठावानंतर. त्याआधी १७८९मध्ये इंग्रजांनी तिथे एक वसाहत करून पाहिली होती, पण रोगराईमुळे १७९६मध्ये ती गुंडाळली. मधल्या साठेक वर्षांत अंदमानला कुणालाच पाठवलं गेलं नाही. सेल्युलर जेलचं बांधकाम तर १८९६मध्ये सुरू होऊन १९०६मध्ये संपलं. म्हणजे आजीची आठवण खरी असेल, तर ग्रुपवरचा फोटो चुकीचा आहे.

मग १८५४च्या आधी ठाण्याच्या तुरुंगातून 'काळ्या पाण्यावर' गेलेला माणूस कुठे जाई? हे शाळेत कुणी शिकवत नाही. पेनांगला १७९०पासून हिंदुस्थानातले कैदी नेले जात होते. मॉरिशसला १८१५ ते १८३७ या काळात नेले. चार्ल्स डार्विन १८३६मध्ये तिथे उतरला तेव्हा त्याला रस्त्यांच्या कामावर हिंदुस्थानी कैदी दिसले. त्याने त्यांची संख्या आठशेच्या आसपास नोंदवली आहे. सिंगापूरला कैदी न्यायला १८२५मध्ये सुरुवात झाली आणि ते १८७३पर्यंत तिथे होते. तुमच्यापैकी कुणी सिंगापूरला फिरायला गेलात आणि सेंट अँड्र्यूज कथीड्रलसमोर सेल्फी काढलात, तर लक्षात ठेवा, ती पांढरीशुभ्र इमारत हिंदुस्थानी कैद्यांनी बांधली आहे. आज तिथल्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान असलेल्या 'इस्ताना'वरही त्याच हातांनी काम केलं. शिवाय ब्रह्मदेशात मौलमीनचा किनारा होता, आणि १८३९मध्ये इंग्रजांनी घेतलेलं एडन होतं.

ही वाहतूक दोन्ही बाजूंनी चालायची. सिंगापूर-पेनांगकडचे चिनी आणि मलायी कैदी इकडे मुंबई इलाख्यात आणले जात. महाबळेश्वरला त्यांच्यासाठी तुरुंग होता. १८३४च्या सुमारास उभा राहिलेला हा तुरुंग १८६४मध्ये बंद झाला. त्या कैद्यांनी तिथे भाजीपाल्याचे मळे लावले. चीनमध्ये कुठेतरी एखाद्या घरात आपल्यासारखंच सांगत असतील, की आमचा एक माणूस समुद्रापार नेला, तो काय परत आला नाही. तो बहुधा महाबळेश्वरला बटाटे लावत होता.

'काळं पाणी' हे एका बेटाचं नाव नव्हतं. समुद्र ओलांडला की जात बुडते, क्रियाकर्म बुडतं, ही जी भीती, तिचं ते नाव. इंग्रजांना ती भीती पक्की ठाऊक होती. म्हणूनच त्यांना ही शिक्षा आवडायची : एकाला बोटीत घाला, अख्खं गाव घाबरतं.

'सापडत नाही'चे तीन अर्थ

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. गोदामांसाठी लागणाऱ्या सिस्टीमवर काम करतो. भिवंडीचा माणूस, दुसरं काय करणार? मानकोली, वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, जिकडे पाहावं तिकडे गोदामं. तिथे 'माल सापडत नाही' असा फोन आला, की आम्ही पहिला प्रश्न विचारतो : म्हणजे नक्की काय? एंट्रीच झाली नाही? एंट्री झाली आणि कुणी डिलीट केली? की एंट्री आहे, माल आहे, पण सर्चमध्ये येत नाही? तिन्हींचा परिणाम एकच, स्क्रीन रिकामी. पण दोष तीन वेगवेगळ्या माणसांचा.

हेच प्रश्न कैद्यांच्या कागदांना विचारू.

पहिला अर्थ : लिहिलंच नाही. अंदमानचा पहिला अधिकारी डॉ. जे. पी. वॉकर १० मार्च १८५८ला दोनशे कैदी घेऊन उतरला. पहिल्या काही महिन्यांचा हिशेब उपलब्ध आहे. आलेले कैदी ७७३. रुग्णालयात मेले ६४. पळून गेले आणि परत सापडले नाहीत १४०. आत्महत्या १. पळायचा प्रयत्न केला म्हणून फाशी ८७. शिल्लक ४८१. बेरीज-वजाबाकी करून पाहा, चोख जुळते. माझ्या कामात याला स्टॉक रिपोर्ट म्हणतात : इनवर्ड इतका, डॅमेज इतका, शॉर्ट इतका, क्लोजिंग इतका. वरिष्ठांना एवढंच हवं होतं. जंगलात गेलेल्या त्या १४० जणांची गावं कोणती, हा प्रश्न त्या तक्त्यात मावत नाही.

गोदामातून निघालेल्या साध्या मोबाइल कव्हरला एक नंबर मिळतो. भिवंडीहून गंगटोकपर्यंत तो नंबर बदलत नाही. वाटेत चार ठिकाणी स्कॅन होतो आणि ज्याने ऑर्डर दिली त्याला फोनवर दिसतो. कैद्याचं उलटं होतं. ठाण्याच्या सत्र न्यायालयात त्याचा खटल्याचा क्रमांक एक, तुरुंगात कैदी क्रमांक दुसरा, जहाजाच्या यादीत अनुक्रमांक तिसरा, वसाहतीच्या वहीत चौथा. चार ठिकाणांना जोडणारा एकच धागा, त्याचं नाव. आणि नाव लिहिणार कोण? इंग्रजीत कानावर येईल तसं लिहिणारा कारकून. मुंबई इलाख्याच्या कागदांत आडनावं फारशी नसतात. हिंदू माणसाचंही नाव 'अमुक बिन तमुक' किंवा 'अमुक वलद तमुक' असं लिहिलेलं असतं. आता नमुन्यादाखल 'धोंडू बिन राघो' घ्या. तो एका यादीत डोंडू, दुसरीत धुंडू, तिसरीत दुंडो होऊ शकतो. बापाचा राघो कुठे रागू होतो, कुठे रग्गो. खुद्द भिवंडीचं स्पेलिंग १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आजच्यापेक्षा वेगळं आहे.

त्या काळी ओळख पक्की नोंदवण्याचं तंत्रच नव्हतं, असं म्हणाल तर तेही खरं नाही. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत १८४९पर्यंत कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवला जात असे. गुन्हेगार जमाती कायदा आला १८७१मध्ये, आणि १९११च्या कायद्याने तर अख्ख्या जमातींच्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याची सोय केली. माणूस पळू नये म्हणून त्याला ओळखायचं असेल, तेव्हा सरकारला सगळं जमत होतं. त्याच्या घरच्यांना कळवायचं असेल, तेव्हा रकाना नव्हता. त्या सिस्टीममध्ये घरचे लोक 'युजर' म्हणून कधी धरलेच नव्हते.

दुसरा अर्थ : लिहिलं होतं, पण नष्ट झालं. काही नाश युद्धाने केला. अंदमान मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ जपानच्या ताब्यात होतं आणि पोर्ट ब्लेअरमधल्या जुन्या दप्तराचा मोठा भाग त्या काळात गेला. पण युद्धावर सगळं ढकलू नका. कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या काकाला विचारा, तो तुम्हाला अ, ब, क, ड सांगेल. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं, 'ड' एक वर्ष. पद्धत कामाची आहे, नाहीतर कचेऱ्यांत बसायला जागा उरणार नाही. पण कोणता कागद 'अ' आणि कोणता 'ड', हे ठरवणारा माणूस काय विचार करतो पाहा. जमिनीचा कागद 'अ', कारण त्यातून सारा मिळतो, हक्क ठरतो. कैद्याच्या बायकोने केलेला अर्ज? काम झालं, निकाली काढा. शेतसाऱ्याला भविष्य होतं, त्या बाईच्या प्रश्नाला नव्हतं.

तिसरा अर्थ : कागद आहे, पण नावाने शोधता येत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा भाग हाच आहे, आणि याचा दोष इंग्रजांवर ढकलता येत नाही.

जहाजावर चढवताना कैद्यांच्या याद्या होत असत. त्यांत नाव, बापाचं नाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा, गुन्हा, शिक्षा, असे रकाने असत. मुंबई सरकारच्या न्याय खात्याची दप्तरं आजही आहेत. महाराष्ट्राचं पुराभिलेखागार मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. इतिहासकार क्लेअर अँडरसन यांनी अशाच याद्या, अर्ज आणि अहवाल मॉरिशस, भारत आणि लंडनमध्ये वर्षानुवर्षं वाचून कैद्यांच्या आयुष्यांवर पुस्तकं लिहिली. म्हणजे कागद बोलतात. पण ते बोलतात ज्याच्याकडे तीन देशांत जायला वेळ, पैसा आणि संशोधकाचं कार्ड आहे त्याच्याशी. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टल २०१५पासून आहे आणि ते चांगलं काम आहे. पण तिथे तुम्ही शोधता ते फाइलचं शीर्षक. शीर्षकात असतं 'अमुक कैद्यांची रवानगी'. आतल्या चाळीस नावांची सूची झालेली नाही. तुमचा माणूस त्या चाळिसांत असला, तरी स्क्रीनवर येतं : 'शून्य निकाल'. आणि घरी आपण सांगतो, रेकॉर्ड नाही.

नाव टिकायचं असेल तर मोठा गुन्हा करा

आता म्हणाल, जुन्या कैद्यांची नावं तर आपल्याला माहीत आहेत की. हो, कुणाची?

ठाण्याचा किल्ला, ज्याचा पुढे तुरुंग झाला, तिथून १८१६च्या सप्टेंबरमध्ये त्रिंबकजी डेंगळे निसटले. पेशव्यांचा कारभारी निसटला, म्हणून त्याची दिवसवार हकीकत मिळते. त्याच तुरुंगात २ मे १८४८ला राघोजी भांगरे यांना फाशी दिलं, त्याचीही तारीख आपल्याला माहीत आहे. वासुदेव बळवंत फडके यांना १८८०मध्ये एडनला नेलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते तुरुंगातून पळाले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ला तिथेच गेले. सगळं लिहिलेलं आहे. शेर अली आफ्रिदी हा खुनाच्या गुन्ह्यात अंदमानला गेलेला साधा कैदी. त्याने ८ फेब्रुवारी १८७२ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकलं आणि त्याचं नाव साम्राज्याच्या दप्तरात कायमचं नोंदलं गेलं. दप्तरात ठळक अक्षरात यायचं असेल तर व्हाइसरॉय मारावा लागत होता.

यांच्या नोंदी आहेत याचा मला आनंदच आहे. पण फडक्यांबरोबर जे रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर होते, त्यांतली किती नावं तुम्हाला सांगता येतील? एक? दोन? फडके शिकलेले होते, त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्यांचं वकीलपत्र पुण्याच्या सार्वजनिक काकांनी घेतलं. बाकीच्यांच्या शिक्षा झाल्या त्या 'इतर आरोपी' म्हणून.

आणि आपण काय केलं?

अंदमानात १८५८नंतर सुमारे ८० हजार कैदी नेले गेले. राजकीय कैदी त्यातले काही शे. सेल्युलर जेल १९७९मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं. भिंतीवर नावं आहेत ती राजकीय कैद्यांची. ती असलीच पाहिजेत. पण ज्या भिंतीवर ती लावली आहेत, ती भिंतही कैद्यांनीच बांधली. विटा वाहणाऱ्यांची नावं त्यांच्याच भिंतीवर नाहीत.

स्वतंत्र देशाने हा जो नियम केला, क्रांतिकारक असेल तर नाव, नाहीतर आकडा, त्याचा परिणाम घराघरांत दिसतो. ज्यांच्या घरात अशी एखादी गोष्ट आहे, त्यांच्यापुढे दोनच रस्ते उरतात : गप्प बसा, नाहीतर त्याला क्रांतिकारक करा. आमच्या ग्रुपवर आमचे पूर्वज गेल्या दोन वर्षांत राघोजी भांगऱ्यांचे 'विश्वासू साथीदार' झाले आहेत. सावकार, दरोडा, ठाण्याचा तुरुंग, एवढं जुळतं म्हणून. पुरावा शून्य. पुढच्या वर्षी कुणीतरी एआयकडून त्यांचं फेटा बांधलेलं चित्र करून घेईल आणि मग तेच त्यांचा चेहरा होईल.

मला हे मान्य नाही. ते राघोजींचे साथीदार असतील, किंवा दोन पायली भातासाठी दरोड्यात सामील झालेले असतील. त्यांनी सावकाराच्या घरातल्या कुणाला मारलंही असेल. खोटा मोठेपणा चिकटवला, की खरा माणूस शोधायची गरजच संपते. ज्या दिवशी आपण त्यांना हुतात्मा करू, त्या दिवशी त्यांचा शोध थांबेल.

टास्मानियातही दोन-तीन पिढ्यांपूर्वी लोक कैदी पूर्वज लपवत. 'कैद्याचा डाग' असा शब्दच रूढ होता. मग वह्या उघडल्या, सूची झाली. २००७मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कैद्यांच्या नोंदी युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत गेल्या. डाग पुसायला कुणाला क्रांतिकारक ठरवावं लागलं नाही. चोराला चोर म्हणूनच नोंदवलं, आणि त्याची पणती ते अभिमानाने सांगते.

'पण हे करणार कोण?'

पहिला आक्षेप पैशाचा आणि मोडीचा. एवढे जुने कागद वाचणार कोण? याचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलेलं आहे. २०२३मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यांत कपाटं उघडली. जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांचे दाखले, महसुली कागद, पोलिसांचे कागद आणि तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्यासुद्धा तपासल्या. मोडी वाचणारे लोक शोधून आणले. काही महिन्यांत पन्नास लाखांहून जास्त नोंदी निघाल्या आणि स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढल्या. आरक्षणाच्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असा. माझा मुद्दा एवढाच, की सरकारने मनावर घेतलं तर जुना कागद सापडतो, वाचता येतो आणि फोनवर दिसतो. यापुढे 'गहाळ झालं असेल' हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप : गुन्हेगारच होता ना? होता. पण शिक्षा हद्दपारीची होती, नाव पुसण्याची नव्हती. दंडसंहितेतून 'काळं पाणी' १९५५मध्ये काढून टाकलं आणि तिथे जन्मठेप आली. ती शिक्षा कायद्यातून गेली, तिचा एक भाग मात्र अजून भोगला जातो आहे, तो मागे राहिलेल्यांकडून.

तिसरा आक्षेप : आज याचा उपयोग काय? इथे मला राग येतो. गुन्हेगार जमाती कायदा १९५२मध्ये रद्द झाला, पण विमुक्त जातींतल्या मुलाला जातीच्या दाखल्यासाठी १९६१पूर्वीचा पुरावा आणावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे गावात स्थिर राहू दिले नाहीत, शाळेत घातले नाहीत, ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांचा जुना कागद असेल तर तो पोलिसांत किंवा तुरुंगात. त्या वहीत जातीचा रकाना आहे. ज्या वहीने त्यांना गुन्हेगार ठरवलं, तीच आज त्यांचा पुरावा ठरू शकते, पण ती कपाटात बंद आहे. हा फक्त माझ्या घरच्या सर्वपित्रीचा प्रश्न असता, तर मी एवढं लिहिलं नसतं.

आणि पलीकडच्या बाजूलाही माणसं आहेत. अंदमानात शिक्षेची काही वर्षं काढल्यावर कैद्यांना जमीन कसायची, लग्न करायची मुभा मिळे. त्यांच्या वंशजांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. ते हिंदुस्थानी बोलतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं मूळ गाव महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्यात आहे, आणि ते कोणतं हे त्यांना ठाऊक नाही. इकडे आम्ही त्यांना शोधतो, तिकडे ते आम्हाला, आणि मधे एक न केलेली सूची.

माझ्या मागण्या साध्या आहेत. मुंबई इलाख्यातून हद्दपार केलेल्या प्रत्येक कैद्याच्या उपलब्ध यादीचं स्कॅनिंग व्हावं आणि आतल्या नावांची सूची व्हावी, फक्त शीर्षकांची नको. सर्च देवनागरीत चालावा आणि धोंडू टाकल्यावर डोंडू व दुंडोही दाखवावा. हे तंत्र नवीन नाही. उच्चारावरून नाव जुळवण्याच्या साउंडेक्स पद्धतीचं पेटंट १९१८चं आहे. जुनं हस्ताक्षर वाचणारी ट्रान्स्क्रिबससारखी साधनं आज आहेत. सिंगापूर, मॉरिशस आणि लंडनमधल्या वह्यांशी या नोंदी जोडाव्यात. आणि डेटा सगळ्यांना खुला असावा, म्हणजे माझ्यासारखे हजार इंजिनीअर सुट्टीच्या दिवशी त्यावर फुकट काम करतील. दिवसभर आम्ही पार्सलं शोधून देतो, माणसं शोधायला काय हरकत आहे?

तुमच्याही घरात अशी गोष्ट असेल, तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना आजच चार प्रश्न विचारून ठेवा. त्याच्या बापाचं नाव काय? गाव कोणतं? त्याच्याबरोबर आणखी कोण धरलं गेलं? आणि हे कशाच्या आधी किंवा नंतर घडलं, रेल्वेच्या, दुष्काळाच्या, प्लेगच्या? सन कुणाला आठवत नाही, पण आधी-नंतर आठवतं. आमच्या घरात 'आगगाडीच्या आधी' या दोन शब्दांनी अंदमान बाद केलं आणि निम्मा नकाशा सुटला. मग ते व्हॉट्सअॅपवर न टाकता नीट लिहून ठेवा, त्यात स्वतःचं काही घालू नका. आणि कुठल्याही कचेरीत कुणी म्हणालं 'रेकॉर्ड नाही', तर एवढंच विचारा : लिहिलं नव्हतं, नष्ट केलं, की शोधलं नाही? लेखी उत्तर मागा.